म्हापशाच्या बाजारातले ४२० रुपयांचे गमबूट, एक पावसाळा वापरून

आधीच सांगतो, ब्रँड विचारू नका, बुटावर नावच नाहीये. तळाला ९ हा आकडा आणि कसलातरी पुसट शिक्का, बस. काळे, गुडघ्याच्या खाली चार बोटं येणारे, बागायतीत काम करणारी माणसं घालतात तेच. दुकानदार ४२० म्हणाला तेव्हा मला हसू आलं, तो हसला नाही, शेवटी ४०० ला दिले.

मी साताऱ्याचा. मार्चमध्ये नोकरीमुळे इकडे गोव्यात आलो, डिचोलीजवळ एका घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. येताना पाच हजारांचे वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज आणले होते, अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा सगळं त्यांच्यावर केलेलं, त्यामुळे गोव्याचे डोंगर म्हणजे काय किरकोळ असा एक माज होता डोक्यात. मे महिन्यात घरमालकीण काकी पुरुमेंताच्या खरेदीला निघाल्या, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सुकी मासळी, मिरच्या, कोकम, चिंच वगैरे, आणि पिशव्या उचलायला मला सोबत घेतलं. बाजारात माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "पावस पडूंक लागलो काय तुजे हे बूट कुसतले." मला वाटलं काकींना काय कळतंय ट्रेकिंगमधलं, पण त्यांचं मन मोडायला नको म्हणून गमबूट घेतले.

जून संपायच्या आत शूज कुजले. वरून घोट्यातून पाणी आत जातं आणि वॉटरप्रूफ असल्यामुळे ते बाहेर यायचं नाव घेत नाही, हे आपल्याकडे जाणवत नाही कारण साताऱ्यात दोन दिवसांनी तरी ऊन पडतं. इथे चार दिवसांत आत पांढरी बुरशी आणि मग एका पायाचं सोल जिभेसारखं लोंबायला लागलं. चांभाराने हातात घेऊन दाबलं तर आतला भुगा बाहेर. ते पॉलियुरेथेन असतं म्हणे, दमट हवेत पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन आतल्या आत सडतं, वापरा किंवा कपाटात ठेवा. झालं, उरले गमबूट.

आता बुटांबद्दल. चिखल, शेतं, गवत, बागायती, ओहोळ यासाठी फर्स्टक्लास. गवतात पाय टाकताना जी धास्ती असते ती निम्मी होते. पावसाळ्यात इथल्या जंगलात चापडा हा विषारी साप बऱ्यापैकी दिसतो, मी दोनदा पाहिला, एकदा हिरवा आणि एकदा चक्क तपकिरी, अगदी कमरेच्या उंचीवर फांदीवर बसलेला, म्हणजे तिथे बुटाचा काय उपयोग म्हणा, हात कुठे ठेवतोय ते बघायचं.

पण जांभ्यावर सांभाळून. आपला काळा कातळ ओला असला तरी पाय कुठे ठेवायचा ते कळतं, जांभा भोकाभोकांचा, खरखरीत दिसतो म्हणून माणूस बिनधास्त पाय टाकतो आणि त्यावर जुलैत जे शेवाळ चढतं त्यावर हे रबर साबणासारखं जातं. मी पडलो कुठे, तर जंगलात नाही, घराच्या अंगणात, जांभ्याच्याच चिऱ्यांच्या तीन पायऱ्यांवर, दुधाच्या पिशवीसकट. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चालताना म्हणून मी आता साध्या पट्ट्याच्या सँडल घालतो. सप्टेंबरात सड्यावर जाच पण, सीतेची आसवं आणि दवबिंदू असली कीटक खाणारी चिमुकली झाडं पायाखाली येतील इतकी असतात, कासच्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं.

जळवा हा वेगळा विषय. तांबडी सुर्लाच्या महादेवाला गेलो होतो, कदंबांच्या काळातलं देऊळ, सगळीकडे तांबडा जांभा आणि मधेच हे काळ्या बसाल्टचं कोरीवकाम, गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. देवळात जाताना गमबूट दोन सेकंदांत निघाले, लेसची भानगड नाही, पण मोज्यावर बघतो तर तीन जळवा. बुटाला बाहेरून चढतात आणि वरच्या तोंडातून आरामात आत उतरतात, म्हणजे आपण त्यांना खोलीच दिली राहायला. एक पोटरीला लागलेली, दुखत अजिबात नाही, पण काढल्यावर रक्त थांबेना, त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारं काहीतरी असतं. ओढायची नाही, नखाने कडेने सरकवायची किंवा मीठ. उपाय मला ऑफिसातल्या एका पोराने सांगितला, फुटबॉलचे लांब स्टॉकिंग घ्यायचे, पँट त्यात खोचायची आणि वर गमबूट. गोव्यात फुटबॉलचं सामान कुठेही मिळतं. तेव्हापासून जळू कातडीपर्यंत पोचलेली नाही.

तोटे पण आहेत. घाम प्रचंड येतो, दोन तासांनी मोजे पिळून काढावे लागतात, आणि रोज घातले तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, मला झाल्या. स्कूटरवर रेनकोटची पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेरच ठेवा, नाहीतर सगळं पाणी पन्हळीसारखं बुटात जातं आणि ऑफिसला पोचल्यावर दोन तांबे रिकामे करावे लागतात. (स्कूटर अजून एमएच ११ आहे, दुसऱ्या राज्यात नेलेली गाडी बारा महिन्यांत तिकडे रजिस्टर करावी लागते, एनओसीचं काम चालूय, त्यावर नंतर कधीतरी रडेन.)

आणि खाजनातला गाळ, खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी शेतजमीन. ऑगस्टमध्ये एका रविवारी रायबंदरहून फेरीने चोडणला गेलो, चालत जाणाऱ्याला तिकीट नव्हतं. तिथलं सालिम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं, ते बघून झालं तर बेटावर शेताच्या बांधावरून फिरत होतो. एक बगळा जरा जवळून बघावा म्हणून खाली उतरलो. तिसऱ्या पावलाला पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. एका पायावर बगळ्यासारखा मीच उभा. मानशीपाशी एक म्हातारे बाबा बसले होते, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची ती लाकडी दारं असतात ना, तिथे. ते म्हणाले, "चिखलांत बूट घालून कित्याक वता रे पुता?" आणि स्वतः अनवाणी येऊन बूट फस्सकन उपसून दिला. त्यांच्या पायाला गाळ चिकटत पण नव्हता असं वाटलं मला.

धबधब्यांचं एवढंच सांगतो की अभयारण्यातल्या जागांवर पावसाळ्यात बंदी येते, उठते, परत येते, त्यामुळे आधी फॉरेस्टच्या चेकपोस्टवर विचारा. आणि दूधसागरला रुळांवरून चालत जाऊ नका, जुलै २०२३ मध्ये तसे गेलेल्यांना उठाबशा काढायला लावल्या होत्या तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. कुळ्याहून जीपा साधारण ऑक्टोबरपासून चालू होतात, तेव्हा जा, गमबुटाची गरज नाही.

पाचात साडेतीन. घेताना एक नंबर मोठा घ्या, मोजा जाड असतो. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, काकी नेमाने त्यांचा जुना पेपर देतात, आणि सकाळी पाय घालण्याआधी उलटा करून आपटा, माझ्या बुटातून आत्तापर्यंत दोन बेडूक आणि एक खेकडा निघालाय. मे महिन्यातच घ्या. जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी एका मित्रासाठी गेलो तर सहा आणि अकरा एवढेच नंबर शिल्लक होते, बिचारा अकरा घालून फिरतोय.