८०० रुपये, चार रविवार आणि सासूबाईंचं पासबुक

फोंड्यात आठवी-नववीच्या मुलांसाठी पैशांचे व्यवहार शिकवणारा वर्ग चालतो, हे मला ब्लाउज शिवायला टाकून गेलेल्या एका बाईंकडून कळलं. चतुर्थीच्या आधीचे चार रविवार, दोन-दोन तास, फी ८००. लेक आठवीत. पाठवली.

पहिला रविवार बचत म्हणजे काय, गरज आणि हौस यांतला फरक वगैरेत गेला. कंटाळून आली. दुसऱ्या रविवारी मात्र सरांनी फळ्यावर कर्ज मांडलं: १२,००० रुपये, १२ टक्के 'फ्लॅट', बारा हप्ते १,१२० रुपयांचे. अर्धं मुद्दल फिटलं तरी व्याज पूर्ण १२,००० वरच चालू, म्हणजे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. माझं शिलाई मशीन मी असंच हप्त्यांवर घेतलंय. लेकीने घरी येऊन माझाच कागद मागितला. मी विषय बदलला.

तिसऱ्या रविवारी प्रत्येकाला ३०० रुपये देऊन माटोळीच्या, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या सजावटीच्या, बाजारात सोडलं. सुपारीचा घड, तोरिंग (पपनस), नारळ आणायचे आणि हिशेब लिहायचा. हिने तोरिंग पहिल्याच बाईकडून घेतलं, दोन पावलांवर तेच ३० रुपयांनी स्वस्त होतं. वहीत 'घाई: ३०' असं लिहून आणलंय.

नावडली ती परीक्षा. पहिल्या दिवशी २० प्रश्न, शेवटच्या दिवशी तेच २०, त्याच क्रमाने. आठाचे अठरा झाले. पण त्यातलं पाठांतर किती, हे कसं कळणार? 'पैसे येणार आहेत, यूपीआय पिन टाका' असा मेसेज दाखवून काय कराल असं विचारलं असतं, तर खरी पारख झाली असती. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे आमच्या गल्लीतल्या किती मोठ्यांना ठाऊक आहे? वर्गात ते शिकवलं होतं, पेपरात नव्हतं.

तरी पाठवा. फक्त आधी घरचे कागद नीट लावून ठेवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे कळल्यावर लेक थेट सासूबाईंकडे गेली. "आजी, तुझे पैसे नेमके कुठे आहेत गं?"

तेव्हापासून पासबुक देवघरातून हललंय. कुठे ठेवलंय, ते मलाही सांगत नाहीत.