आकडा की ईबर्ट? पोरांसाठी सीक्वेल निवडताना

सुट्टीत भाचरं घरी आली की रात्री जेवणानंतर एकच वाद असतो, काय लावायचं. त्यांना ओळखीची पात्रं हवी असतात, म्हणजे कशाचा तरी दुसरा, तिसरा नाहीतर चौथा भाग. आणि रिमोट ज्याच्या हातात असतो त्याला हवी असते खात्री. पहिला भाग चांगला होता म्हणून दुसरा लावावा, तर बऱ्याचदा तो पहिल्याच्या नावावर खपवलेला निघतो. अशा वेळी कुणाला विचारायचं?

माझ्यापुरते दोन पर्याय राहिलेत. एक म्हणजे समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी. दुसरा म्हणजे रॉजर ईबर्ट, ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये १९६७ पासून लिहिणारा आणि १९७५ साली पुलित्झर मिळवणारा पहिला चित्रपट समीक्षक. तो २०१३ मध्ये गेला, पण त्याची जवळपास सगळी परीक्षणं आजही नेटवर फुकट वाचायला मिळतात. मेटाक्रिटिकचं सरासरी गुणांकन किंवा प्रेक्षकांना थिएटरबाहेर गाठून श्रेणी देणारा सिनेमास्कोर हेही आहेत. पण कुटुंबासाठीच्या ॲनिमेशनला सिनेमास्कोरवर ‘ए’च्या आसपास मिळणं इतकं नेहमीचं आहे की त्यातून फारसं काही कळत नाही. तेव्हा ते बाजूला ठेवू.

टक्केवारी कशी काढतात हे बहुतेकांना माहीत असतं, तरी वापरताना आपण ते हमखास विसरतो. ९७ टक्के दिसले की आपल्या डोक्यात थेट दहावीचा निकाल येतो. पोरगं बोर्डात आलं असं वाटतं. प्रत्यक्षात तो आकडा एवढंच सांगतो की शंभरातल्या सत्त्याण्णव समीक्षकांनी ‘बघायला हरकत नाही’ किंवा त्याहून बरं काहीतरी म्हटलं. ‘ठीक आहे, पोरांना आवडेल’ म्हणणारा आणि ‘गेल्या दहा वर्षांत असं पाहिलं नाही’ म्हणणारा, दोघांचं मत एकच धरलं जातं. सरासरी गुणही तिथे असतात, पण त्यासाठी आकड्यावर आणखी एकदा टिचकी मारावी लागते, आणि सोफ्यावर चौघं बसलेली असताना ते कोण करतं!

सीक्वेलच्या बाबतीत ही अडचण जास्तच जाणवते. ‘टॉय स्टोरी ३’, ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन २’, ‘फाइंडिंग डोरी’, ‘पॅडिंग्टन २’, ‘इन्साइड आउट २’ हे सगळे नव्वदीच्या वर आहेत. पण ‘पॅडिंग्टन २’ आणि ‘फाइंडिंग डोरी’ एका मापाचे आहेत असं दोन्ही बघितलेला कुणीही म्हणणार नाही. साठच्या वर गेलं की तिथे लाल टोमॅटोची खूण मिळते, आणि वरच्या टोकाला सगळे लाल टोमॅटो सारखेच दिसतात. साठच्या खाली गेलं की हिरवा डाग पडतो, आणि त्या डागाखाली खरोखर टाकाऊ काय आणि घरात पोरांनी चाळीस वेळा बघितलेलं काय, हे आकड्यावरून ओळखता येत नाही. ‘मिनियन्स’ तिथेच पडून आहे. ज्या घरात पोरं आहेत त्यांना ‘मिनियन्स’बद्दल मी वेगळं काय सांगू?

आणि हो, २०१६ पासून रॉटन टोमॅटोज फँडँगोच्या मालकीचं आहे, म्हणजे सिनेमाची तिकिटं विकणाऱ्या कंपनीच्या. त्यामुळे आकड्यात काही गडबड होते असं मी अजिबात म्हणत नाही. फक्त लक्षात असू द्यावं.

आता ईबर्ट. गंमत म्हणजे हा हो-नाहीचा खेळ लोकप्रिय करण्यात त्याचाच मोठा हात आहे. टीव्हीवर जीन सिस्केल या दुसऱ्या समीक्षकाबरोबर बसून अंगठा वर, अंगठा खाली करणारा तो हाच. पण अंगठा हा टीव्हीपुरता होता. लिहिताना तो चारपैकी तारे द्यायचा आणि त्या ताऱ्यांबद्दल त्याचं स्पष्ट मत होतं की ते सापेक्ष असतात. ‘शाओलिन सॉकर’च्या परीक्षणात त्याने हे नीट मांडलंय. कॉमिक्सवरचा ‘हेलबॉय’ कसा आहे असं कुणी विचारतं तेव्हा त्याला ‘मिस्टिक रिव्हर’सारख्या गंभीर सिनेमाशी तुलना नको असते, कॉमिक्सवरच्याच ‘द पनिशर’शी हवी असते. ‘सुपरमॅन’ चार धरला तर ‘हेलबॉय’ तीन आणि ‘पनिशर’ दोन, असा त्याचा हिशेब. सीक्वेल आणि पोरांचं ॲनिमेशन निवडताना मला तरी हाच हिशेब उपयोगी वाटतो. मी रविवारी दुपारी ऑस्करचा निकाल लावायला बसलेलो नसतो. या जातीच्या सिनेमांत हा कितवा, एवढंच मला हवं असतं.

माझ्यासाठी पारडं फिरलं ते ‘कार्स २’मुळे. टक्केवारी चाळीसच्या आसपास. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा हिरवा डाग लागलेला हा पहिलाच सिनेमा. भाचा तेव्हा पहिलीत होता आणि त्याला या सिनेमाने झपाटलं होतं. एकदा माझ्या मोबाइलवर त्याने पोस्टरशेजारची ती हिरवी खूण बघितली आणि विचारलं, “मामा, हे काय सांडलंय?” म्हटलं, म्हणजे बऱ्याच लोकांना हा पिक्चर आवडला नाही. “का नाही आवडला?” आता आली पंचाईत. आकडा कितीही वेळ न्याहाळला तरी त्यात ‘का’ सापडत नाही. खाली एका ओळीत समीक्षकांचं एकत्रित मत दिलेलं असतं, पण ते कुणाचंच नसल्यासारखं लिहिलेलं असतं. पोराला सांगणार काय? दोनशे अनोळखी माणसांची बेरीज आहे बाबा, का ते मलाही माहीत नाही.

ही कुरकुर क्षुल्लक वाटेल. माझ्या मनातून मात्र ती गेली नाही, कारण त्यानंतर प्रत्येक वेळी आकडा बघताना तोच ‘का’ आठवायला लागला.

ईबर्टने ‘कार्स २’ला साडेतीन तारे दिले होते. चारपैकी! परीक्षणाची सुरुवात तो लहानपणापासून करतो. सिनेमा बघताना त्याला काहीतरी जुनं आठवत राहिलं आणि एका शर्यतीच्या मध्यावर उलगडा झाला: तो आपल्या खोलीत जमिनीवर बसलाय, समोर डिंकी टॉइजच्या छोट्या गाड्या मांडल्यात, हाताने त्या जमिनीवरून आणि हवेतून पळवतोय आणि तोंडात थुंकी घोळवून इंजिनाचा आवाज काढतोय. मी हे वाचलं तेव्हा भाचा हॉलमध्ये पालथा पडून फरशीच्या सांध्यावरून लाल गाडी नेत होता. गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, म्हणजे गाडी खऱ्या उंचीवरून दिसते. ओठांतून तोच ओला घर्रर्र आवाज. गाडी सोफ्याखाली गेली की आवाज बारीक, बाहेर आली की मोठा. सिनेमात हेरगिरीचं कथानक गुंतागुंतीचं झालंय, पहिल्या भागातला हळवेपणा गेलाय, हे सगळं खरं आहे. पण तो सिनेमा कुणासाठी आहे आणि त्यांना त्यात काय मिळतं, हे एका परिच्छेदात कळलं. चाळीस टक्क्यांनी ते मला कधीच सांगितलं नसतं.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर एकतर्फी होईल. याच माणसाने एक वर्ष आधी ‘टॉय स्टोरी ३’ला तीन तारे दिले. म्हणजे ‘कार्स २’पेक्षा अर्धा तारा कमी! माझ्या ताईला हे सांगितलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. शेवटी अँडी खेळणी देऊन टाकतो तिथे ती दर वेळी रडते. ईबर्टचं म्हणणं असं की आधीच्या दोन भागांत खेळण्यांमध्ये जे माणूसपण होतं ते इथे पातळ झालंय, धावपळ आणि विनोद वाढलेत. मला पटत नाही. पण का पटत नाही ते मी सांगू शकतो, कारण त्याने आपलं म्हणणं पुढे ठेवलंय. अठ्ठ्याण्णव टक्क्यांशी भांडायचं तर कुठून सुरू करायचं?

ईबर्टचे दोष मला माहीत आहेत. मांजराच्या ‘गारफील्ड’च्या दोन्ही भागांना त्याने तीन-तीन तारे दिले, टक्केवारी दोन्हींची विशीच्याही खाली. तिथे मी टक्केवारीच्या बाजूने आहे. ‘द फँटम मेनेस’लाही साडेतीन. म्हातारपणी तो मऊ झाला होता असं म्हणणारे आहेत, आणि ते अगदीच चूक नसावेत. थ्रीडीवर तर त्याचा दातच होता; २०१० मध्ये ‘न्यूजवीक’मध्ये त्याने आपल्याला थ्रीडी का आवडत नाही यावर लेखच लिहिला. चष्म्यामुळे पडदा अंधारा होतो ही त्याची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. थिएटरात अर्ध्या तासात चष्मा कपाळावर सरकवून धूसर पडदा बघत बसलेलं पोर मी शेजारच्याच खुर्चीत पाहिलंय. पण हे कल एकदा ओळखीचे झाले की वजा करता येतात. ईबर्टने मांजराला तीन तारे दिले की मी मनात दीड धरतो. दोनशे जणांच्या बेरजेतून काय वजा करायचं ते कुठे ठाऊक असतं?

‘माय नेबर तोतोरो’वर त्याने लिहिलेलंही वाचा. ते सीक्वेल नाही, पण घरच्यांसाठी सिनेमा निवडताना काय बघावं हे त्यातून समजतं. यात खलनायक नाही, मारामारी नाही, दुष्ट मोठी माणसं नाहीत, हे तो आधी सांगतो आणि मग त्याशिवायही सिनेमा कसा धरून ठेवतो ते दाखवतो. चार वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन बसणाऱ्याला याहून जास्त काय हवं? तिथे टक्केवारी पुन्हा नव्वदीच्या वर, आणि पुन्हा मुकी.

मग टक्केवारी टाकून द्यायची का? नाही. नवा सिनेमा, मल्टिप्लेक्सची चार-पाच तिकिटं, पॉपकॉर्नचा खर्च, आणि ईबर्ट तर आता नाही. अशा वेळी मीही आकडा बघतो. पंचवीस-तीसच्या खाली असेल तर जात नाही, आणि त्याचा पश्चात्ताप झाल्याचं आठवत नाही. टोकाला दोघांचं एकमत होतंच. ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या दुसऱ्या भागाला ईबर्टने एक तारा दिला, आकडाही तळाला. तिथे दोन्ही चाचपायची गरजच नाही. मधल्या पट्ट्यातल्या नव्या सिनेमासाठी मात्र मी एक जिवंत समीक्षक शोधून ठेवलाय. तुम्हीही शोधा. आपण पाहिलेल्या दोन-तीन ॲनिमेशनपटांवर त्याने काय लिहिलंय ते आधी वाचायचं. पटलंच पाहिजे असं नाही, कारण कळलं पाहिजे.

लहानगी घाबरतील का, हे दोन्हींतून नीट कळत नाही. त्यासाठी प्रमाणपत्र बरं. २०२४ पासून आपल्याकडे यूएमध्ये ७, १३ आणि १६ अशा पायऱ्या आहेत. हिंदी डब कसा झालाय याबद्दल तर शिकागोचा माणूस आणि कॅलिफोर्नियाचा टोमॅटो दोघेही गप्प. ‘मुफासा’ टक्केवारीत साठच्या खाली आहे, पण हिंदीत टिमॉन श्रेयस तळपदेचा आणि पुम्बा संजय मिश्राचा. आमच्याकडे आईसुद्धा त्या दोघांसाठी हातातलं निवडणं सोडून बाहेर येऊन बसली.

घरी बसून जुना सीक्वेल लावायचा असेल तर माझं मत तुम्हाला एव्हाना कळलं असेल. सुरुवात करायची तर ‘आइस एज’चा डायनासोरवाला तिसरा भाग घ्या. टक्केवारी पन्नाशीच्या आत आहे, तिकडे बघू नका. ईबर्टने साडेतीन तारे देऊन तिन्हींत हाच सर्वांत चांगला ठरवलाय, आणि थ्रीडीचा एवढा राग असलेल्या या माणसाने त्यातल्या थ्रीडीचं चक्क कौतुक केलंय. ते अर्थात घरच्या टीव्हीवर दिसणार नाही.