ममरा बदाम, सात महिने वापरून: रश्शात घालू नका

मागच्या रविवारी पाहुणे जेवायला, पांढऱ्या रश्शासाठी मटणाचा अळणी (शिजवलेलं पाणी) झकास निघालेला, खसखस, तीळ, काजू आणि पंधरा ममरा बदाम भिजवून गंधासारखं वाटून घातलं, वरनं नारळाचं दूध, आणि चव बघितली तर मागनं कडू! साखर घातली, दूध वाढवलं, कडूपणा काही जाईना. पांढऱ्या रश्शात लपवायला ना चटणी ना तर्री. पाहुण्यांनी तांबड्यावर जेवण आटपलं, मला लै वाईट वाटलं.

दिवाळीत कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतनं एक किलो ममरा आणला, नेहमीच्या कॅलिफोर्नियाच्या बदामाच्या जवळपास तिप्पट भावानं. आमचे मामंजी तालमीतले, त्यांना थंडाईला ममराच लागतो. ते कुंडीत सोट्यानं स्वतः घोटतात, आणि खरंच, तेल सुटून सोटा चकाकतो, दुधाला जो दाटपणा येतो तो कॅलिफोर्नियाच्या बदामानं येत नाही. म्हणून पहिले चार महिने मी सगळ्यांना ममराच घ्या म्हणून सांगत होते.

पण साल! कॅलिफोर्नियाचा रात्रभर भिजवला की चिमटीत दाबला की टुपकन बाहेर. ममरा सुरकुतलेला, वाकडा, साल घडीत अडकते, नखानं खरवडत बसायचं, पंधरा बदामांना पंधरा मिनिटं. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकूनही घडीतली तशीच. आणि ती राहिली की रस्सा मळकट दिसतो. बर्फीलाही तेच.

रश्शानंतर दुकानात गेले तर म्हणे, ‘वहिनी, ममऱ्यात चार-दोन कडू निघायचेच.’ मग हे पैसे घेताना सांगायला काय झालं होतं? कडू बदामात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं, वाटून पाणी लागलं की त्यातनं सायनाइड हे विष सुटतं, त्यामुळं पोरांच्या हातात तर न चाखता देऊच नये. एक बदाम आधी चाखला असता तर बरं झालं असतं, आता मी प्रत्येकाचा कोपरा तोडून जिभेला लावते.

एक चूक मात्र माझी. डबा गॅसवरच्या फळीवर होता, बदामात निम्मं तेलच, एप्रिलच्या उकाड्यात काही खवट झाले, त्याचं खापर मी आधी दुकानदारावर फोडलेलं. खवट वेगळं, कडू वेगळं, हे मला आत्ता कळलं. आता डबा फ्रीजमध्ये.

रश्शाला, बर्फीला, खिरीला कॅलिफोर्नियाचाच आणते. उरलेला पाव किलो ममरा मामंजींच्या कुंडीसाठी ठेवलाय, त्याला मी हात लावत नाही.