लाल-पिवळे ठिपके सोडले तर चांगलं ॲप (पाचपैकी साडेतीन तारे)

मी नर्स आहे. महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी, त्यामुळे पालकसभेत मी असलेच तर पेंगत असते. लेकीच्या शाळेने प्रगतिपुस्तकाच्या जोडीला ॲप आणलं तेव्हा म्हणूनच बरं वाटलं. दोन सत्रं वापरून झाली, आता लिहिते.

सगळ्यांत चांगला भाग 'माझं काम'. त्यात बाई वहीच्या पानांचे फोटो आणि वाचनाची रेकॉर्डिंग टाकतात. पहिल्या महिन्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये लेक प्रत्येक जोडाक्षराला अडखळते. पाचव्या महिन्यात तीच पूर्णविरामाला थांबून श्वास घेते. दोन्ही मी पाठोपाठ ऐकली, औषधांच्या ट्रॉलीशेजारी उभी राहून. 'ब' श्रेणीतून हे मला कधी कळलं असतं?

गणिताचं तसंच. ५२ − २७ = ३५ असं लिहिलेल्या पानाखाली बाईंची टीप होती: 'वरचा अंक लहान असला की उलटं वजा करते. दहाचा गठ्ठा सोडून दाखवा.' घरी कान साफ करायच्या कापसाच्या काड्या होत्या, त्यांचे गठ्ठे बांधले. चार संध्याकाळीत जमलं.

पण ॲप उघडताच हे दिसत नाही. आधी दिसतात हिरवे, पिवळे, लाल ठिपके. गणित पिवळं. काड्यांनंतरही पिवळंच. नवऱ्याने तो ठिपका पाहिला, 'ठीक आहे' म्हणून ॲप बंद केलं, टीप वाचलीच नाही. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा १९८८चा अभ्यास आठवला: नुसत्या लेखी सूचना मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, सूचनांसोबत गुणही मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. तो अभ्यास मुलांवरचा होता. आमच्या घरात वडिलांनाही लागू पडला. वॉर्डात मीही तापाचा तक्ता भरते, पण तक्ता बघून कोणी पेशंटकडे पाठ फिरवत नाही.

'पिवळा म्हणजे नेमकं काय' असं ॲपमधून विचारलं. 'आपला प्रतिसाद नोंदवला आहे' एवढंच उत्तर आलं. बाईंनी मात्र फाटकापाशी दोन मिनिटांत समजावलं.

खरा राग नोटिफिकेशनचा. चाचणीचे गुण शाळा सुटायच्या आधीच माझ्या फोनवर. पोरगी घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "तुला माहितीच असेल ना." काय झालं ते स्वतः सांगायची तिची पाळी फोनने घेतली होती. ते बंद करायचं बटण तीन पडदे आत सापडलं. आता आम्ही आठवड्यातून एकदा, दोघी मिळून उघडतो.

सत्राच्या शेवटी मुलांना एक पान स्वतः निवडून जपून ठेवता येतं. मला वाटलं, ती चित्र निवडेल. तिने वजाबाकीचं पान ठेवलं: ३५ वर काट, शेजारी मोठ्या अक्षरात २५.