पाटीवरच्या ‘बार’ला बिचकू नका, आत बांगड्याचं हुमण आहे

म्हापशाच्या कोर्टापासून चालत आठ-दहा मिनिटांवर, हायवेच्या बाजूला एक कौलारू घर आहे. पुढच्या दोन खोल्यांत सहा टेबलं, मागे मालकांचं बिऱ्हाड. दारावर निळी पाटी, त्यावर नाव आणि नावाखाली ‘बार अँड रेस्टॉरंट’. मी म्हापशात एका वकिलांकडे स्टेनो आहे. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी या घरावरून रोज गेले आणि एकदाही उंबरा ओलांडला नाही. कारण पाटीवरचा तो पहिला शब्द.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे बार म्हणजे पुरुषांनी जायची जागा, आणि तीही ओळखीचं कोणी बघत नाही ना हे पाहून. गोव्यात तसं नाही. इथे रविवारी अख्खं घरच्या घर ‘बार अँड रेस्टॉरंट’मध्ये बसतं. आजोबांपुढे फेणी, नातवंडांपुढे लिंबू सोडा, आणि मधे तळलेल्या मासळीची एकच ताटली फिरत असते. हे सगळं दिसत होतं, तरी एकटीने आत शिरायचं म्हटलं की पाय अडायचा.

मग २०१७ साल आलं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०१६ मध्ये झाला होता आणि १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्या दिवसांत ऑफिसचा फोन थांबत नव्हता. जो तो आपल्या दारापासून हायवेपर्यंतचं अंतर मोजून घेऊन यायचा. या घराच्या पाटीवरही ‘बार अँड’ एवढ्याच अक्षरांवर निळा रंग फिरवला गेला. नवा निळा जुन्या निळ्याशी जुळला नव्हता, त्यामुळे लांबूनही ते ठिगळ दिसायचं. खाली उरलं नुसतं ‘रेस्टॉरंट’. त्याच आठवड्यात एकदा माझा डबा घरी राहिला आणि मी आत गेले.

“बस बाय,” मालक म्हणाले, “आज बांगडो ताजो आसा.”

जुलैमध्ये न्यायालयाने खुलासा केला, की नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारकांच्या आड तो आदेश येत नाही. म्हापशातले बार पुन्हा उघडले, पाटीवर ‘बार अँड’ पुन्हा लिहिलं गेलं. तोवर माझं टेबल ठरलं होतं, खिडकीजवळचं.

या टेबलावरून समोर लाकडी काउंटर दिसतो. फणसाच्या फळ्यांचा, आता काळपट झालेला. एका टोकाला बिजागरीवर उचलायची फळी आहे. मालक ती डाव्या हाताने उचलतात, उजव्या हातातलं ताट आणून ठेवतात, परत आत जातात आणि फळी ठक्क करून खाली येते. हात लागून लागून तिच्या कडेला बोटभर खळगा पडलाय, तेवढाच भाग पिवळा आणि चकचकीत. एके दिवशी ऑफिसातल्या जाडजूड डिक्शनरीत ‘बार’ उघडून बसले तेव्हा कळलं, की जिला मी अकरा वर्षं बिचकत होते ती गोष्ट ही एवढीच. माणूस आणि बाटल्या यांच्यामधलं आडवं लाकूड. ज्याच्यावरून पेला पुढे सरकवायचा त्या आडव्या लाकडाला इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या शेवटी बार म्हणायला लागले, आणि लाकडाचं नाव पुढे अख्ख्या दुकानाला लागलं.

त्याच्याही आधी हा शब्द दाराशी होता. बाराव्या शतकात तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो ‘दार पक्कं करायचा दांडा’ हा अर्थ घेऊन. आमच्या वेंगुर्ल्याच्या घराला तसाच अडसर होता. दिवसा भिंतीच्या पोटात सरकवलेला, रात्री बाबा तो ओढून दाराआड घालायचे आणि त्याच्या खरखरीने आम्हा मुलांना कळायचं, की आता झोपायचं. गंमत अशी, की आपल्या अडसराने जी वाट धरली तीच त्यांच्या बारनेही धरली. लाकूड राहिलं बाजूला आणि अडथळा हा अर्थ पुढे आला. मी रोज जे ‘टाइम बार्ड’ टाइप करते ते हेच. उसने दिलेले पैसे परत मागायला कोर्टात तीन वर्षांच्या आत यावं लागतं. त्यानंतर आलात, तर दाराला आतून अडसर घातलेला असतो.

कोर्टातला बारही लाकडाचाच. लंडनच्या इन्स ऑफ कोर्टमध्ये, म्हणजे वकिली शिकवणाऱ्या जुन्या संस्थांमध्ये, ज्येष्ठ मंडळी आणि शिकाऊ यांच्यामधे आडवा कठडा असे. विद्यार्थी तयार झाला, की त्याला त्या कठड्यापाशी बोलावत. ‘कॉल्ड टु द बार’ ते तिथून, आणि बॅरिस्टरही तिथूनच. आमच्या लहानपणी घरात एक नाव फार आदराने घेतलं जायचं, बॅ. नाथ पै. आमच्याच वेंगुर्ल्याचे, राजापूरचे खासदार. त्यांच्या नावाआधीचं ते ‘बॅ.’ आणि या पाटीवरचा ‘बार’ एकाच दांड्याचे तुकडे आहेत, हे वाचलं त्या दिवशी मी ते चार लोकांना सांगत सुटले. आजही वकीलसाहेब दुपारी म्हणतात, “मी बारमध्ये आहे,” तेव्हा त्यांना कोर्टातली वकिलांची खोली म्हणायची असते. नव्या अशिलाला ते समजावून सांगावं लागतं.

तिसरा बार माझ्या बाबांचा. ते बार्जवर, म्हणजे माल वाहायच्या सपाट तळाच्या बोटीवर होते. मांडवीच्या वरच्या अंगाला, आमोण्याकडे खनिज भरायचं आणि मुरगाव बंदरात नेऊन टाकायचं. मांडवी समुद्राला मिळते तिथे, आग्वादजवळ, पाण्याखाली वाळूचा आडवा पट्टा आहे. एरवी भरतीचा अंदाज घेऊन बार्ज त्याच्यावरून जातात. पावसाळ्यात मोठ्या लाटा त्या उथळावर येऊन फुटतात, आणि भरलेली बार्ज तिथे आदळली तर ती उलटायला वेळ लागत नाही. म्हणून ती वाट बंद व्हायची आणि बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून, मगरींच्या शेजारून, झुआरीत उतरायच्या. जून लागला की बाबांची चिठ्ठी यायची, ‘आग्वादचा बार बंद झाला.’ मी तिसरी-चौथीत असेन. मला वाटायचं, चला, बाबांच्या गावातलं दारूचं दुकान बंद झालं. नदीच्या तोंडातल्या वाळूच्या अडसरालाही इंग्रजीत बार म्हणतात आणि पोर्तुगीज बंदराच्या तोंडालाच ‘बार्रा’ म्हणतात, हे कळलं तेव्हा ती चिठ्ठी मला पुरती वाचता आली. त्या एका ओळीत बाबा आईला सांगत होते, की आता धोक्याची वाट नाही, काळजी करू नको.

दिसायला सारखे असले तरी सगळेच बार या घरातले नाहीत. हवेचा दाब सांगणारा मिलिबार वेगळा, तो वजन या अर्थाच्या ग्रीक ‘बारोस’वरून आला आणि बॅरोमीटरचा भाऊ आहे. म्हापसा ज्या बार्देशात येतं त्यातला ‘बार’ तर आपल्याच बारा देशांतला, असं सांगतात. आणि तंबाखूचा बार, लग्नाचा बार, बंदुकीचा बार यांच्यासाठी इंग्रजीची पायरी चढायचं कारण नाही.

आता जेवणाचं बोलते, कारण तुम्ही जाणार ते त्यासाठी.

फिश थाळी मागवा, दुसरं काही नको. उकड्या तांदळाचं शीत, हुमण म्हणजे मासळीची नारळ घातलेली आमटी, एक सुकी भाजी, किसमूर, तळलेला तुकडा, तोराचं म्हणजे कोवळ्या कैरीचं लोणचं आणि सोलकढी. बांगडा असेल त्या दिवशी हुमणात तेफळं असतात, म्हणजे आपली तिरफळं. मालकीणबाई ती जरा ठेचून शेवटी टाकतात आणि त्या वाटपाला कांदा लावत नाहीत. कांदा आला की तेफळाचा वास मरतो, असं त्या सांगतात, आणि एक घास घेतला की पटतं. नारळ इतका बारीक वाटलेला, की जिभेला कुठे चोथा लागत नाही. आंबट नेमकं. तेफळ चुकून दाताखाली आलं तर जीभ मिनिटभर झिणझिणते, तेव्हा ते ताटाच्या कडेला काढून ठेवा.

किसमूर मात्र चमच्याने मोजून वाढतात, याबद्दल माझी तक्रार आहे. भाजलेली सुकी सुंगटं म्हणजे कोलंबी, ओलं खोबरं, कच्चा कांदा, वरून मिरची, आणि सगळं आयत्या वेळी कालवलेलं, म्हणून सुंगटं कुरकुरीत राहतात. मागितली तर परत देतात, पण मागावी लागते. रवा लावून तळलेला तुकडा ठीक. तेल कधी कधी जास्त राहतं. मी आता रवा नको म्हणून सांगते. नुसत्या मसाल्यात तव्यावर भाजलेला लेपो, हा चपटा मासा, मिळाला, तर थाळीतला तुकडा सोडून तो घ्या.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत इथे फ्रीजरमधली इसवण म्हणजे सुरमई खपवत नाहीत. सरळ खारे बांगडे, तिसऱ्यो नाहीतर सुकं. मला ते आवडतं. ज्यांना ताजंच हवं त्यांनी ऑगस्टमध्ये यावं.

हात धुवायची जागा मागे अंगणात आहे, पावसात भिजत जावं लागतं. पंखे दोनच. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणार नाही आणि एकनंतर थाळीही मिळणार नाही. बायकांनी एकटीने जायचं असेल तर निर्धास्त जा. सात-आठ वर्षांत मला एकाही नजरेचा त्रास झालेला नाही. काउंटरपाशी उभे असतात ते उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या दिवसांत थोडे मोठ्याने बोलतात, एवढंच.

गेल्या महिन्यात आई वेंगुर्ल्याहून आली होती. बाबा आता नाहीत. तिला दुपारी इथे घेऊन आले, तर ती पाटीखालीच थांबली. पदर सावरत म्हणाली, “अगो, हय तर बार लिवलला आसा.”

मी म्हटलं, “आई, बाबांचो आग्वादचो बार नाय काय? तोच ह्यो.”

ती पाटीकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग माझ्याआधी पायरी चढली. हुमण दोनदा घेतलं. तेफळं वेचून एका ओळीत ताटाच्या कडेला लावली आणि मालकीणबाईंना विचारलं, कुठच्या झाडाची. निघताना त्यांनी ती फळी उचलून बाहेर येत आईच्या हातात वर्तमानपत्राची पुडी ठेवली. आत मूठभर सुकी तेफळं होती.