निनाइट, विंगेट की थेट मूळ साइट? घरच्या लॅपटॉपसाठी निवड करताना

प्रत्येक घराण्यात एक माणूस असा असतो, ज्याच्याकडं सगळ्यांचे लॅपटॉप येतात. आमच्यात तो मी. राजारामपुरीतलं आमचं घर, मंगळवार पेठेतले काका, रंकाळ्याजवळ राहणारी बहीण आणि कागलची मामी, एवढ्यांचं मी बघतो. लागणाऱ्या गोष्टी सगळ्यांच्या जवळपास सारख्याच: व्हिडिओ बघायला व्हीएलसी, झिप फाइल उघडायला सेव्हन-झिप, पीडीएफ वाचायला सुमात्रा, कागदपत्रांसाठी लिब्रेऑफिस, फोटो बघायला इरफानव्ह्यू, क्रोम किंवा फायरफॉक्स. सगळं फुकट आणि सगळं चांगलं. त्रास होतो तो फुकट प्रोग्राम शोधताना आडून आत शिरणाऱ्या गोष्टींचा: टूलबार, 'तुमचा पीसी फास्ट करा' म्हणणारं काहीतरी, चाचणीपुरता अँटिव्हायरस, परस्पर बदललेलं सर्च पेज.

हे टाळायच्या तीन वाटा मी बरीच वर्षं वापरल्यात. मूळ साइटवरून स्वतः उतरवणं, मायक्रोसॉफ्टचं विंगेट (लिहिलेल्या आज्ञेवर प्रोग्राम आणून बसवणारं साधन), आणि निनाइट (निवडलेले प्रोग्राम एका फाइलनं बसवून देणारी साइट). तुमच्याकडंही असेच चार घरांचे लॅपटॉप येत असतील आणि काय करावं हे ठरत नसेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

मूळ साइटची वाट सगळ्यांत जुनी आणि तत्त्वतः सगळ्यांत सरळ. व्हिडिओलॅन (व्हीएलसी बनवणारे), सेव्हन-झिप, लिब्रेऑफिस यांच्या स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे प्रोग्राम बसवणाऱ्या फाइलमध्ये, भलतं काही नसतं. अवघड जातं ते त्या साइटपर्यंत पोचणं. सर्चमध्ये प्रोग्रामचं नाव टाकलं की मूळ साइटच्या वर जाहिरात दिसते, आणि त्या जाहिरातीतून दिसायला अगदी तसंच असलेलं दुसरं पान उघडतं. पत्ता नीट वाचणाऱ्याला हे कळतं. मामीला कसं कळणार?

शिवाय मूळ साइट दर वेळी उघडेलच असंही नाही. २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत व्हिडिओलॅनची साइट भारतात बंद होती. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीनं व्हिडिओलॅननं सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली, तेव्हा कुठं ती पुन्हा सुरू झाली. प्रोग्राममध्ये कसला दोष नव्हता. पत्ताच पोचत नव्हता. लोकांना व्हीएलसी तर हवंच होतं. मग जी साइट पहिली दिसेल तिथून ते घेतलं गेलं.

मोठ्या डाउनलोड साइटवर विसंबावं, तर त्यांचा इतिहास बघा. २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉमनं दुसऱ्यांच्या प्रोग्रामना स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळायला सुरुवात केली आणि त्यात टूलबार घातले. नेटवर्क तपासणाऱ्या एनमॅप या प्रोग्रामच्या लेखकानं त्यावर जाहीर तक्रार केली होती. सोर्सफोर्ज म्हणजे तर मुक्त सॉफ्टवेअरचं माहेरघर. तिथंही २०१३ मध्ये इन्स्टॉलरसोबत जाहिरातींच्या ऑफर आल्या. त्याच वर्षी गिम्प या फुकट फोटो एडिटरनं सोर्सफोर्ज सोडलं. तरी २०१५ मध्ये तिथं राहिलेल्या विंडोजच्या गिम्पला ऑफर चिकटवल्याचं उघड झालंच. २०१६ मध्ये मालक बदलले, त्यांनी तो प्रकार बंद केला आणि आता ती साइट पुष्कळ सुधारली आहे. पण चांगली साइट कायम चांगलीच राहते असं मला त्यानंतर कधी धरून चालता आलं नाही.

मूळ लेखकाच्या इन्स्टॉलरमध्येही खाचाखोचा असतात. ओरॅकलच्या जावासोबत आस्क टूलबारची टिक आधीच मारलेली असायची, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. सीडी लिहिणाऱ्या इमेजबर्नच्या इन्स्टॉलरमध्ये ओपनकँडी, म्हणजे इतर प्रोग्रामच्या ऑफर दाखवणारा जाहिरातींचा भाग, होता. यामागं साधा व्यवहार आहे. फुकट प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रत्येक इन्स्टॉलमागं पैसे मिळतात. म्हणूनच 'एक्सप्रेस' ठळक दिसतं आणि 'कस्टम' फिकट, आणि 'डिक्लाइन'चं बटण बंद पडल्यासारखं करड्या रंगात असतं. ते दाबलं तर मूळ प्रोग्रामच येणार नाही, असं कुणालाही वाटेल.

आता मुद्द्याचं. ही वाट मी सोडली ती पहिल्या इन्स्टॉलमुळं नव्हे. पहिला इन्स्टॉल मी स्वतः करतो, प्रत्येक खिडकी वाचतो, टिक काढतो. लॅपटॉप स्वच्छ होऊन घरी जातो. मग काही महिन्यांनी काकांचा फोन येतो, "अरे, गूगल गेलं की रं. दुसरंच काय तर येतंय." नवीन काय टाकलंत म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं असतं, "नवीन कुठलं? हाय तेच अपडेट करा म्हणत होतं. होय म्हटलं." आणि काका खरं तेच सांगत असतात. त्यांनी काहीच आणलेलं नसतं. जुन्या प्रोग्रामनंच नवी आवृत्ती आली म्हणून सांगितलं, नव्या इन्स्टॉलरनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी समोर मी नव्हतो.

माझ्यापुरता सगळा निर्णय या एका गोष्टीवर झाला. टिक काढायची सवय मला आहे, पण अपडेटच्या वेळी प्रश्न काकांना विचारला जातो. त्यांना इंग्रजी येत नाही असंही नाही, ते रोज इंग्रजीत हिशेब लिहितात. त्यांच्यासमोर त्या वेळी काम असतं आणि मध्ये आलेली खिडकी त्यांना घालवायची असते. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. कुठलाही कामाचा माणूस हेच करेल. म्हणून मी एकच कसोटी लावली: मी नसताना अपडेट झाला, तरी समोरच्याला काही वाचावं लागू नये.

या कसोटीवर मूळ साइट मागं पडते. उरले विंगेट आणि निनाइट.

विंगेटबद्दल मला आदर आहे आणि माझ्या स्वतःच्या संगणकावर ते रोजच्या वापरात आहे. मायक्रोसॉफ्टनं ते २०२० मध्ये जाहीर केलं, २०२१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. विंडोज ११ मध्ये ते असतंच, विंडोज १० च्या १८०९ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवरही चालतं. आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) एक ओळ लिहायची, की ते प्रोग्रामच्या मूळ प्रकाशकाकडूनच फाइल आणतं, तिचा हॅश (फाइलवरून काढलेला ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) आपल्या नोंदीतल्या हॅशशी जुळवतं आणि काही न विचारता गुपचूप इन्स्टॉल करतं. हॅश जुळला नाही तर अडून बसतं. प्रकाशकानं त्याच पत्त्यावर नवी फाइल ठेवली आणि नोंद अजून बदललेली नसली की असं होतं. अशा वेळी वैताग येतो, पण अडणं योग्यच आहे. आणि त्याची यादी प्रचंड मोठी. एखादा प्रोग्राम त्यात सापडला नाही, असं क्वचितच होतं.

घरच्यांच्या लॅपटॉपसाठी मात्र दोन गोष्टी खटकतात. काळी खिडकी बघूनच बहीण हात मागं घेते. हे तिला पटवणं मला जमलेलं नाही, आणि पटवायची गरज तरी का असावी? त्या ओळीची बॅच फाइल, म्हणजे दोनदा क्लिक केलं की ती ओळ चालवणारी फाइल, करून डेस्कटॉपवर ठेवता येते, मी ठेवलीही होती. तिथं दुसरी गोष्ट आडवी येते. विंगेटला 'सगळं अपग्रेड कर' म्हटलं की ते खरोखरच सगळ्याला हात घालतं, विंगेटनं न बसवलेल्या प्रोग्रामनाही, जर ते त्याला ओळखता आले तर. डिजिटल सहीसाठी किंवा एखाद्या जुन्या स्कॅनरसाठी मुद्दाम ठरावीक आवृत्ती जपून ठेवलेली असेल, तर तीही नवी होऊन बसते. यावर पिन करायची, म्हणजे त्या प्रोग्रामला अपग्रेडमधून वगळायची, सोय आहे, पण ती प्रत्येक लॅपटॉपवर आठवणीनं करावी लागते.

निनाइट याच्या अगदी उलट वळणाचं आहे. २००९ पासून चालू आहे आणि साइटचं रूप आजही जवळपास तसंच साधं. पानावर प्रोग्रामची यादी असते, हवे त्यांच्यावर खूण करायची आणि एक छोटी फाइल घ्यायची. ती चालवली की मूळ ठिकाणांहून ताज्या आवृत्त्या येतात, प्रकाशकाची डिजिटल सही किंवा हॅश तपासला जातो आणि कुठलाही प्रश्न न विचारता सगळं बसतं. टूलबार आणि इतर लटांबराला 'नको' म्हणणं हे निनाइट स्वतः करतं. विंगेटशी तुलना करताना मला हा फरक मोठा वाटतो. विंगेट इन्स्टॉलरला गप्प चालवतं, पण गप्प चालताना इन्स्टॉलरनं आत काय ठरवलंय ते बऱ्याच अंशी लेखकाच्या हातात राहतं. निनाइटवाल्यांनी प्रत्येक प्रोग्रामचा 'नको' आधीच शोधून ठेवलेला असतो. यादी छोटी आहे ती त्यामुळंच असावी असा माझा अंदाज.

आणि ज्या कसोटीवर मी अडलो होतो, तिथं ही फाइल चोख उतरते. तीच फाइल पुन्हा चालवली की जे जुनं झालंय तेवढंच नवं होतं, बाकीचं सोडून दिलं जातं. निवडलेल्या प्रोग्रामपलीकडं ती कशालाच हात लावत नाही, म्हणजे सहीचं सॉफ्टवेअर जिथल्या तिथं. काकांना आता मी एवढंच सांगितलंय: अपडेट करा असं कुणीही म्हणालं की ती खिडकी बंद करा आणि डेस्कटॉपवरच्या त्या फाइलवर दोनदा क्लिक करा. वाचायला काही नाही, होय म्हणायला काही नाही. विंडोज एकदा परवानगी विचारतं, तेवढंच. 'गूगल गेलं'चे फोन थांबलेत. हे काही मोजमाप नव्हे आणि दुसऱ्या घरात दुसरा अनुभव येऊ शकतो, पण मला एवढं पुरेसं आहे.

उणिवा आहेतच. इंटरनेट हवंच, फाइल पेनड्राइव्हवर नेऊन नेटशिवाय काम होत नाही. प्रोग्राम कुठल्या ड्राइव्हवर बसवायचा हे विचारत नाही, सी ड्राइव्ह भरत आलेल्या जुन्या लॅपटॉपवर याची अडचण होते. जुनी आवृत्ती मागता येत नाही. निनाइटच्या साइटवर जातानाही पत्ता स्वतः टाइप करा, सर्चमधल्या जाहिरातीवरून जाऊ नका.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरबद्दलही मला विचारतात. व्हीएलसी तिथं आहे, अपडेट आपोआप होतात, लहान मुलांच्या लॅपटॉपसाठी सोयीचं आहे. माझ्या यादीतलं सगळंच मला एका जागी हवं असतं, म्हणून तिथं मी रमलो नाही.

आणखी एक, कारण या बाबतीत खोटी खात्री देणं मला आवडत नाही. २०१७ मध्ये संगणक साफ करणाऱ्या सीक्लीनर या प्रोग्रामची ५.३३ ही आवृत्ती थेट अधिकृत ठिकाणाहून दूषित होऊन गेली, खऱ्या डिजिटल सहीसकट. कंपनीच्याच आकड्यानुसार सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती पोचली. हॅश आणि सही तपासणारी कुठलीही सोय अशा वेळी कमी पडते. त्यामुळं वाट कुठलीही घ्या, पण विंडोज सिक्युरिटीतल्या 'अॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जाऊन 'पोटेन्शियली अनवाँटेड अॅप ब्लॉकिंग' (नकोसे प्रोग्राम अडवणारी सोय) चालू आहे ना, एवढं बघून घ्या. आणि 'क्लीनर' प्रकारचे प्रोग्राम मुळात लागतातच का, याचा विचार करा. आमच्यात कुणाकडंच ते नाहीत आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

मराठी टायपिंगचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडं सगळ्यांत जास्त कचरा याच दारातून येतो असं मी पाहिलंय. विंडोजवर नेटशिवाय चालणारं गूगलचं इनपुट टूल गूगलनं कधीच काढून घेतलं. तरी लोक ते शोधतात, आणि कुठल्या कुठल्या साइटवरून, कुणीतरी पुन्हा बांधलेल्या फाइलमधून उतरवतात. ते निनाइटच्या यादीत नाही, असायचं कारणही नाही. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत लिहायचा) कीबोर्ड आतच आहे. सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी घ्यायची, कीबोर्ड फोनेटिक निवडायचा आणि रोमनमध्ये लिहीत जायचं. मामी भिशीच्या याद्या आता त्यावरच करते. सुरुवातीला तिला गूगलचे शब्द सुचवण्याची सवय आठवायची, पण हात बसला.

हे सगळं घरासाठी झालं. तुमचं राजारामपुरीत डीटीपीचं दुकान असेल, उद्यमनगरात कारखान्याचं ऑफिस असेल किंवा तुम्ही पतसंस्थेचे संगणक बघत असाल, तर माझा कौल बदलतो. निनाइट फुकट आहे ते घरगुती वापरापुरतं, व्यवसायासाठी त्याची प्रो आवृत्ती पैसे भरून घ्यावी लागते. बरेच जण ही अट न वाचताच दुकानात वापरतात, ते मला योग्य वाटत नाही. चारच संगणक असतील आणि खर्च करायचा नसेल, तर तिथं विंगेट घ्या. बॅच फाइल करा, आणि ती ठेवण्याआधी टेंडरसाठी, सहीसाठी, जुन्या प्रिंटरसाठी राखलेली प्रत्येक आवृत्ती पिन करा. पिन केलेल्या प्रोग्रामला 'सगळं अपग्रेड कर' म्हटलं तरी विंगेट हात लावत नाही.