जुना पब पाहायचाच तर : फ्लीस की बेल?
इंग्लंडच्या खेड्यातला जुन्या वळणाचा पब पाहायचा तर दोन नावं हमखास निघतात : वूस्टरशायरमधल्या ब्रेटफर्टनचा ‘फ्लीस इन’ आणि बर्कशायरमधल्या ऑल्डवर्थचा ‘बेल इन’.

फ्लीस मूळचं मध्ययुगीन शेतघर, 1848 साली पब झालेलं. मालकीणबाई लोला टॅप्लिन 1977 मध्ये वारल्या. पब नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन गेल्या, वर बटाट्याचे वेफर्स इथे विकायचे नाहीत अशी तंबीही! शेकोटीपुढच्या फरशीवर खडूची वर्तुळं आहेत, चेटकिणींनी धुराड्यातून उतरू नये म्हणून. कपाटात प्यूटरची, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूची, जुनी ताटं. 2004 मध्ये आग लागली, त्यामुळे वरचं गवती छप्पर मात्र नवं.

बेलमध्ये पाहण्यासारखं कमी, पण जुनेपणा अंगात मुरलेला. सुमारे अडीचशे वर्षं एकाच घराण्याकडे. काउंटर नाहीच, एसटीच्या तिकीटखिडकीसारख्या काचेच्या खिडकीतून बिअर हातात येते. भिंतीवर एकाच काट्याचं घड्याळ, खायला भरलेले पाव, आणि मोबाइल खिशातच ठेवायचा.

फ्लीस थोडं संग्रहालयाकडे झुकतं, म्हणून माझं मत बेलला. मुलंबाळं सोबत असतील तर मात्र फ्लीसच बरं. मागे मोठी फळबाग आहे.